संजाणचा अरब मांडलिक आणि भगवतीचा नैवेद्य

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी गावात १९५०च्या दशकात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा. राज्य राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राचे. लेख संस्कृतात, दान एका मठिकेला: मठाच्या दुरुस्तीसाठी, तिथल्या भगवतीच्या नैवेद्यासाठी आणि संजाणच्या ब्राह्मण परिषदेतल्या नऊ जणांच्या जेवणासाठी. त्याकरता कानाडुक नावाचे गाव आणि थोडी जमीन तोडून दिली आहे. इथवर नवल काहीच नाही, असे ताम्रपट शेकड्यांनी मिळाले आहेत. नवल आहे ते दान देणाऱ्याचे. तो ताजिक, म्हणजे अरब. सहियारहारचा मुलगा मधुमती. मुहम्मद या नावाला संस्कृत पंडिताने चढवलेला हा पोशाख.

या मधुमतीला संजाणचे मंडल, म्हणजे आजच्या महाराष्ट्र-गुजरात सीमेवरचा किनारा, इंद्राच्या आधीचा राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने नेमून दिला होता. ताम्रपट त्याची कामे सांगतो. आसपासच्या बंदरांचे ठाणेदार त्याने जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली. दोन नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या. संजाणात अन्नछत्र काढले, तिथे तांदळाचा भात, कालवण आणि तूप मिळे. मठिका बांधली होती अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने. त्याचा मित्र पुव्वैय हा मधुमतीचा मंत्री, आणि त्याच्या विनंतीवरून हे दान झाले. म्हणजे अरब मांडलिक, ब्राह्मण मठ, कन्नड वळणाच्या नावांची मंडळी आणि वर कर्नाटकातला सम्राट, असा सगळा गोतावळा एका बंदरावर जमला होता.

हे वाचले की आपण चटकन 'सर्वधर्मसमभाव' म्हणून मोकळे होतो. मला ते फार घाईचे वाटते. याच ताजिकांशी याच पट्ट्यात जेमतेम दोन शतकांपूर्वी घनघोर लढाई झाली होती. सिंधमधून निघालेली अरब फौज कच्छ-सौराष्ट्र तुडवत नवसारीपर्यंत आली आणि चालुक्यांच्या गुजरात शाखेतल्या अवनिजनाश्रय पुलकेशीने तिला परतवले. त्याचा ताम्रपट इ.स. ७३९च्या सुमाराचा आहे. ज्यांना हाकलले त्यांचाच एक जातभाई पुढे त्याच किनाऱ्याचा कारभारी झाला. मधल्या काळात दोन्हीकडचा धर्म बदलला नव्हता. बदलले होते किनाऱ्याचे अर्थकारण.

इराणच्या आखातातली सिराफ, बसरा ही बंदरे बगदादच्या खलिफांच्या काळात भरभराटीला आली. तिथली जहाजे कोकणात येत. समुद्रावरच्या वाऱ्याचे गणित साधे आणि कडक असते: पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. अरबस्तानाकडे परत जायचे तर हिवाळी वारा धरावा लागे, आणि तो चुकला की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. महिनोन् महिने परक्या गावात राहायचे म्हणजे राहायला जागा हवी, नमाजाला मशीद हवी, मेला तर पुरायला जमीन हवी आणि भांडण झाले तर आपल्या कायद्याने निवाडा करणारा माणूस हवा. हे ज्या बंदरात मिळेल तिथे जहाज लागणार. आणि जहाज लागले की राजाला जकात.

अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी इ.स. ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलला आला. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, शिवाय इथेच जन्मलेले. त्यांचा एक प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. तो मुसलमान असला तरी त्याला नेमत असे इथला राजा. आकडा थोडा फुगवलेला असू शकेल, प्रवाशांचे आकडे फुगतातच. पण व्यवस्था स्पष्ट आहे. त्याआधी, ८५१च्या सुमारास, सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या वृत्तांतात बल्हारा, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट, अरबांवर सगळ्यांत जास्त माया करणारा राजा म्हटला आहे. त्याच्या प्रजेला म्हणे वाटायचे, की अरबांवरच्या या मायेमुळेच आपले राजे दीर्घायुषी होतात. तेव्हा गादीवर अमोघवर्ष होता आणि त्याने खरोखरच साठाहून अधिक वर्षे राज्य केले, त्यामुळे सुलेमानला कोणी खोटे म्हणू शकले नसावे! त्याच वृत्तांतात उत्तरेचा गुर्जर-प्रतिहार राजा मात्र मुसलमानांचा कट्टर वैरी आहे. त्याची सीमा सिंधच्या अरब राज्याला भिडत होती. राष्ट्रकूटांना अरब भेटत ते गलबतातून उतरणारे, आणि प्रतिहारांशी त्यांचे स्वतःचेच हाडवैर होते.

अमोघवर्षाचे धार्मिक वर्तन तर आजच्या कुठल्याच खणात बसत नाही. त्याचा ओढा जैन धर्माकडे. तरीही राज्यावरचे संकट टळावे म्हणून त्याने आपले बोट महालक्ष्मीला अर्पण केले, असे ८७१चा संजाण ताम्रपट सांगतो. आणि त्याचे मांडलिक असलेल्या कोकणच्या शिलाहारांच्या काळात मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतल्या बौद्ध भिक्खूंना देणग्या मिळतच होत्या. नवव्या शतकाच्या मध्यावर गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने तिथे १०० द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले. ही 'अक्षयनीवी', म्हणजे मुद्दल हलवायचे नाही, व्याजावर भिक्खूंच्या वस्त्रांचा खर्च चालवायचा. बंगालचा माणूस आपली रक्कम कोकणातल्या विहारात कायमची गुंतवतो, कारण विहार उद्याही तिथे असेल याची त्याला खात्री आहे. राजे बदलतात, व्यापारी मरतात, संस्था राहते. याच कान्हेरीत १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. बौद्ध लेण्यात पारशी पर्यटक, हजार वर्षांपूर्वी.

पण पैशाचा हा प्रवाह खरा कळतो तो दोन ताम्रपट शेजारी ठेवले की. पहिला खारेपाटणचा, इ.स. १००८चा, दक्षिण कोकणच्या रट्टराज शिलाहाराचा. अव्वेश्वर या शिवमंदिरासाठी आणि तिथल्या शैव आचार्यांसाठी त्याने उत्पन्न लावून दिले. त्यात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे १ गद्याण सोने आहे, चेमुल्य, म्हणजे चौल, आणि चंद्रपूर, म्हणजे गोव्यातले चांदोर, ही दोन बंदरे मात्र वगळली आहेत. दुसरा गोव्याच्या कदंबांचा, इ.स. १०५९चा, पहिल्या जयकेशीचा. त्यात एक जुनी हकीकत येते. कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला, वाटेत डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदरात आश्रय घ्यावा लागला. तिथे मदुमोद नावाच्या श्रीमंत ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. त्याचा नातू छडम पुढे जयकेशीच्या कारभारात मोठा अधिकारी झाला. त्याने गोव्यात 'मिजिगिती', म्हणजे मशीद उभारली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावून देण्यात आला. एकीकडे शिवमंदिर, दुसरीकडे मशीद, आणि दोन्हींची तेलवात जहाजांच्या करावर.

सगळे गोडीगुलाबीचे होते असे मात्र समजू नये. तेराव्या शतकातला लेखक औफी खंबायतची एक गोष्ट सांगतो. तिथे दंगल झाली, मशीद जाळली गेली, ८० मुसलमान मारले गेले. गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंहाने वेष पालटून स्वतः चौकशी केली, दोषींना शिक्षा केली आणि मशीद पुन्हा बांधायला पैसे दिले. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण खंबायत हे गुजरातच्या राजाचे दुभते बंदर होते, तिथली शांतता त्याला परवडणाऱ्या किमतीत विकत घ्यावीच लागली असती.

गझनीच्या महमूदाने १०२६मध्ये सोमनाथ लुटले. १२६४मध्ये त्याच सोमनाथ पट्टणाबाहेर होर्मुझचा नाखवा नुरुद्दीन फिरोज याने जमीन विकत घेऊन मशीद बांधली. गुजरातचा वाघेला राजा अर्जुनदेव गादीवर होता आणि व्यवहारात पट्टणचे मोठे लोक सामील होते. शिलालेख संस्कृत आणि अरबी, दोन्हींत आहे. संस्कृत लेखात अल्लाला विश्वनाथ म्हटले आहे आणि तारीख हिजरी, विक्रम, वलभी आणि सिंह अशा चार शकांत दिली आहे, म्हणजे कोणाचाच घोळ नको. मशिदीच्या खर्चासाठी दुकाने आणि तेलाचा घाणा लावून दिला आहे. देखरेख जहाजवाल्यांच्या, घाणेवाल्यांच्या आणि चुनेवाल्यांच्या जमातींकडे. खर्च भागून जे उरेल ते मक्का-मदिनेला पाठवायचे, असेही सोमनाथच्या त्या संस्कृत लेखात नमूद आहे.