रेगेन्सबुर्ग

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील डॅन्यूबकाठचे प्राचीन शहर. डॅन्यूबचे पात्र येथे सर्वाधिक उत्तरेकडे सरकले असून नाब व रेगेन या उपनद्या याच परिसरात तिला मिळतात. रोमन सम्राट मार्कस ऑरीलियसच्या काळात तिसऱ्या इटालिक लीजनसाठी (रोमन सैन्याची मोठी तुकडी) ‘कास्त्रा रेगिना’ हा तळ उभारला गेला. पूर्वद्वारावरील शिलालेखामुळे इ. स. 179 हे वर्ष निश्चित होते. सु. 540 × 450 मी. आवाराच्या तटापैकी उत्तरेकडील पोर्टा प्रेटोरिया दरवाजाची एक कमान व बुरूज शिल्लक आहेत. रोमन सैन्य हटल्यानंतर वस्ती अखंड राहिली की नाही, याबद्दल मतभेद आहेत. बव्हेरियाच्या आगिलोल्फिंग घराण्यातील ड्यूकांनी जुन्या तटाच्या आत राजधानी केली, यावरून तटाचे सातत्य मान्य करता येते. लोकवस्तीचे तितके ठामपणे सांगता येत नाही. बिशपपीठ 739 मधील.

शहराचा खरा मानबिंदू म्हणजे दगडी पूल. परंपरेनुसार बांधकाम 1135–46. पहिल्या वर्षीच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरल्याने पाया घालणे सोपे गेले, असे सांगतात. 1147 मध्ये जर्मन राजा तिसरा कॉनराड याची धर्मयुद्धाची फौज येथूनच निघाली, त्यामुळे ही कालमर्यादा ग्राह्य वाटते. लांबी सु. 310 मी.; मूळच्या 16 कमानींपैकी दक्षिण टोकाची नंतरच्या बांधकामात झाकली गेली. पाया नदीतल्या वाळू-गोट्यांत असल्याने धुपण्याची भीती कायमची. म्हणून प्रत्येक खांबाभोवती ओकचे खुंट ठोकून, आत दगड भरून बेटासारखे चौथरे केले. पाया वाचला, पण पात्र आवळले गेले: वरच्या अंगाला पाणी तुंबते, कमानींखालून ते वेगाने सुटते आणि खालच्या अंगाला भोवरे उठतात. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या नावा ओढून न्याव्या लागत. हिवाळ्यात बर्फाचे तुकडे याच चौथऱ्यांना अडून साचत. 1784 च्या बर्फपुरात पुलावरचा मधला मनोरा गेला. आज मोठी मालवाहू जहाजे उत्तरेकडील कालव्याने वळसा घेतात. एप्रिल 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पुलाचा काही भाग उडवला. पूर्ण दुरुस्ती 1967 मध्ये झाली.

दूरच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या घराण्यांनी इटालियन धर्तीचे उंच निवासी मनोरे बांधले. पैकी बाउमबुर्ग व सुवर्ण मनोरा पाहण्यासारखे. 1245 मध्ये शहर मुक्त साम्राज्यनगर, म्हणजे थेट पवित्र रोमन सम्राटाच्या अधीन असलेले स्वायत्त शहर, झाले. 1663–1806 या काळात जुन्या नगरभवनात या साम्राज्याची कायम संसद भरे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरचे निधन येथेच झाले (1630). 1810 मध्ये शहर बव्हेरियात सामील. जुने शहर व पलीकडचे श्टाटआम्होफ 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.