सर्वव्यापी संगणनातील अनुकूल मोबाइल सेवा

वापरणाऱ्याचे ठिकाण, वेळ, भाषा, हातातल्या फोनची कुवत आणि त्याची स्वतःची निवड पाहून आपले रूप बदलणारी सेवा. संगणक टेबलावरून उठून खिशात, भिंतीत, शेतातल्या हवामान केंद्रात विखुरला की अशा सेवा शक्य होतात. या विचाराचा, म्हणजे सर्वव्यापी संगणनाचा, पाया संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९८८ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात घातला. १९९१ मधील त्यांच्या लेखाने तो सर्वदूर पोचला. त्याच काळात इंग्लंडमधील केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत अंगावर लावायचा ‘अॅक्टिव्ह बॅज’ तयार झाला. त्यावरून माणूस कुठल्या खोलीत आहे ते कळे आणि त्याला आलेला फोन तिथे वळवता येऊ लागला.

मराठवाड्यात या सेवेचे सर्वांत मोलाचे रूप म्हणजे विजेचा इशारा. मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात, सोयाबीन काढणीची घाई असताना, इथे वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप विजेच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या सेन्सरांच्या जाळ्यावर चालते. कडाडलेल्या विजेची जागा ठरते, ती फोनच्या जीपीएसशी ताडली जाते आणि वीज २० किंवा ४० किलोमीटरच्या आत असेल तर सूचना येते. अॅप एकच, पण अंबाजोगाईत वाजते तेव्हा किनवटला गप्प असते. शेतातल्या पिकाची सरकारी नोंद फोनवरून करण्याची, २०२१ पासून राज्यभर वापरात असलेली ‘ई-पीक पाहणी’ही अशीच ठिकाणावर उभी आहे: बांधावर काढलेल्या पिकाच्या फोटोसोबत अक्षांश-रेखांशही नोंदले जातात.

मात्र या सेवा बेतताना एक फोन म्हणजे एक माणूस असे धरले जाते. ते इथल्या अनेक घरांत लागू पडत नाही. दिवसा बापाबरोबर रानात गेलेला फोन रात्री लेकीच्या अभ्यासाला लागतो; मग सेवेने ओळखलेली ‘आवड’ नेमकी कुणाची? प्रत्येकाची निवड वेगळी ठेवण्याची सोय म्हणूनच फार गरजेची आहे.

दुसरी अडचण बॅटरीची. अँड्रॉइडने २०१५ मध्ये ‘डोझ’ ही बॅटरी वाचवण्याची सोय आणली, तेव्हापासून पडून असलेल्या फोनमधली अॅप्स झोपवली जातात. काही कंपन्यांचे फोन तर त्याहून कडक वागतात. धुऱ्यावर पिशवीत ठेवलेल्या फोनमध्ये इशारा अडकून पडू शकतो. इशाऱ्याच्या अॅपला बॅटरी बचतीतून सूट देणे सेटिंगमध्ये शक्य असते, पण ती सेटिंग शोधायची कुठे हे गावात सांगणारे कुणी हवे. हे काम सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या (पूर्वीच्या कृषी सहायकांच्या) गावभेटीत सहज बसेल.

साध्या बटणाच्या फोनसाठी वेगळी वाट आहे. सेल ब्रॉडकास्टमध्ये संदेश ठरावीक टॉवरच्या टापूतल्या, ही सोय असलेल्या सगळ्या फोनांवर एकदम जातो. त्याला अॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नंबरही माहीत असावा लागत नाही. भारतात २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. इथे सेवा माणसानुसार नव्हे, टापूनुसार बदलते. आणीबाणीत तेच योग्य, कारण तिला कुणाचाही माग ठेवावा लागत नाही.