टप्पा अनुदानाचा प्रस्ताव: शाळा ‘पात्र’ ठरूनही पगार का सुरू होत नाही

राज्यातील विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांचे अनुदान, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी सरकारकडून मिळणारा पैसा, दोन ठिकाणी अडते: एक तर शाळेच्याच कागदांत, नाही तर राज्याच्या अर्थसंकल्पात. पहिली अडचण शाळेला दूर करता येते. दुसरीसाठी पाठपुरावा वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेळी करावा लागतो. ही गल्लत झाल्यामुळे अनेक मुख्याध्यापक महिनोन्महिने नको त्या टेबलापुढे उभे राहतात.

पात्रतेपासून सुरुवात करू. २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने ‘कायम विनाअनुदानित’ यातील ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि या शाळांना अनुदानाचा मार्ग खुला झाला, मात्र इंग्रजी माध्यमाच्या शाळा त्यातून बाहेर ठेवल्या गेल्या. अनुदानासाठी शाळांच्या मूल्यांकनाचे निकष १५ नोव्हेंबर २०११ रोजी ठरले. त्यानंतर अनुदान एकदम न मिळता वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी मिळू लागले. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली मान्यता घेतलेल्या शाळा या योजनेत बसत नाहीत. हे सांगण्याची गरज पडू नये, पण दरवर्षी अशा शाळांतील शिक्षक फाइल घेऊन येतात आणि संस्थेने त्यांना नोकरीवर घेताना ही गोष्ट सांगितलेलीच नसते. म्हणून सर्वांत आधी शाळेचे मूळ मान्यतापत्र काढून त्यावर कोणत्या तरतुदीखाली मान्यता दिली आहे ते स्वतः वाचावे.

मान्यतेच्या प्रती, यूडायसची (शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीतील) माहिती, इमारतीची व भौतिक सुविधांची कागदपत्रे, संस्थेचे ठराव आणि लेखापरीक्षण अहवाल हे सारे शाळांकडे बहुधा असते. त्यावर वेळ दवडण्याचे कारण नाही.

खरी अडचण संच मान्यतेत, म्हणजे पटानुसार शाळेची पदे मंजूर करणाऱ्या आदेशात आहे. शिक्षकांची मंजूर पदे संच मान्यतेवर ठरतात आणि संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. प्रस्ताव सादर करण्याची मुदत पुढची असल्याने तोपर्यंत विद्यार्थ्यांचे आधार दुरुस्त केले तरी चालेल, असा समज सर्रास आढळतो आणि तो शाळेला फार महागात पडतो, कारण आधार वैध न ठरलेले मूल वर्गात रोज बसत असले तरी पटाच्या हिशेबात धरले जात नाही. एका शाळेच्या कार्यालयात मी जनरल रजिस्टर आणि आधार कार्डे शेजारी शेजारी ठेवून बसलो होतो. एका मुलीची जन्मतारीख रजिस्टरात १४ जून, तर कार्डावर १ जानेवारी होती. आईवडील ऊसतोडीला गेले असताना कारखान्याच्या गावी ते कार्ड काढलेले होते. त्याच तुकडीत अशी नऊ मुले निघाली आणि तेवढ्याने एक पद धोक्यात आले होते. हे काम जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या आठवड्यात हाती घ्यावे. पालक गावात असतात आणि आधार केंद्रावर गर्दीही कमी असते.

दुसरी अडचण शिक्षकाच्या वैयक्तिक मान्यतेची, म्हणजे त्याच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेल्या मंजुरीची. नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, वैयक्तिक मान्यतेचा आदेश, मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) आणि ज्या जाहिरातीवरून नेमणूक झाली त्या वर्तमानपत्राचे मूळ पान, एवढे कागद एकत्र सापडलेली शाळा विरळाच. जाहिरातीचे पान तर जवळपास कोणाकडेच नसते. ते हरवले असेल, तर संबंधित वर्तमानपत्राच्या कार्यालयातून किंवा जुने अंक जपणाऱ्या ग्रंथालयातून त्या तारखेची प्रत मिळवण्याचा प्रयत्न करावा. जुन्या तारखेचा नवा कागद कधीही तयार करू नये, मग संस्थाचालक कितीही आग्रह करोत. २०२५ मध्ये नागपूर विभागातील बोगस शालार्थ आयडीचे (सरकारी पगार प्रणालीतील शिक्षकाच्या क्रमांकाचे) प्रकरण उघडकीस आल्यापासून प्रत्येक आदेशाचा जावक क्रमांक कार्यालयाच्या नोंदवहीशी ताडून पाहिला जातो. अशा कागदाने प्रामाणिकपणे पंधरा वर्षे शिकवलेल्या माणसावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. २ मे २०१२ च्या भरतीबंदीनंतर नेमणूक झालेल्यांनी पदभरतीच्या परवानगीचे पत्रही जोडावे. त्याशिवाय त्रुटी निघणारच.

येथे प्रशासनाविषयीही बोलणे भाग आहे. त्रुटी एकाच पत्राने कळवाव्यात, एवढी साधी अपेक्षाही पूर्ण होत नाही. एक त्रुटी दूर केली की दुसरी, तीही केली की तिसरी, आणि तोवर अधिकारी बदलून जातो. ज्यांना वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर किंवा पगाराविना राबवून घेतले, त्यांना असे ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे.

आता अर्थसंकल्पाचा भाग. ‘पात्र’ म्हणून यादीत नाव येणे म्हणजे पैसे मंजूर होणे नव्हे. शासन निर्णय हाती आला तरी त्यात निधीच्या तरतुदीविषयी आणि अनुदान कोणत्या दिनांकापासून देय आहे याविषयी काय लिहिले आहे, ते आधी पाहावे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने ११६० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता मिळाली होती, त्यामुळे त्याची अंमलबजावणी झाली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या निर्णयाने पुढील टप्पा जाहीर झाला, पण त्यासाठी निधीची तरतूद झाली नाही. निर्णय कागदावर राहिला आणि जुलै २०२५ मध्ये हजारो शिक्षकांना भर पावसाळ्यात आझाद मैदानावर बसावे लागले.

म्हणून मागणी वेळेवर करावी. पुढील वर्षाचे अंदाज विभाग हिवाळ्याच्या सुमारास तयार करतात. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेल्यावर दिलेले निवेदन त्या वर्षासाठी उशिराचेच ठरते. त्यानंतर उरतात त्या पुरवणी मागण्या, ज्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात येतात. निवेदनात ‘शिक्षकांवर अन्याय होत आहे’ एवढेच लिहून भागत नाही. शाळेचा सध्याचा टप्पा, मान्य पदे, पुढील टप्प्यासाठी लागणारी वार्षिक रक्कम आणि संबंधित शासन निर्णयाचा दिनांक एका पानात मांडावा, म्हणजे सभागृहात प्रश्न विचारणाऱ्या आमदाराच्या हाती आकडा असतो. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे सात आमदार आहेत; आपल्या विभागाच्या आमदारांना एक प्रत, दुसरी शालेय शिक्षण विभागाला आणि तिसरी वित्त विभागाला द्यावी. ही शेवटची प्रत बहुतेक जण देतच नाहीत, वास्तविक तरतुदीला नकार येतो तो तिथूनच. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.