मे महिन्यातले ८५ आणि जानेवारीतले ८५

घरातल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर ८५ अंश सेल्सिअस दाखवतोय. काळजी करायची का? सोलापुरात या प्रश्नाला एक उलटप्रश्न विचारावाच लागतो: महिना कोणता? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जाणं इथे नवलाचं नाही. वरच्या मजल्यावरची स्लॅबची किंवा पत्र्याची खोली संध्याकाळी सातलाही ३८-३९ अंशांवर असते. अशा खोलीत पूर्ण कामाला जुंपलेला प्रोसेसर ८५ वर गेला, तर सगळं नीट चाललंय असं समजायला हरकत नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, खोली २४ अंशांवर असताना, त्याच कामाला तेच ८५ दिसले तर मात्र कॅबिनेट उघडायला हवं. आकडा एकच, पण पहिल्या वेळी प्रोसेसर खोलीपेक्षा ४६-४७ अंशांनी गरम आहे, दुसऱ्या वेळी ६१ अंशांनी.

म्हणून तापमान अचूक मोजायचं म्हणजे दोन आकडे हवेत: प्रोसेसरचा आणि तो जी हवा ओढतो तिचा. दुसरा बहुतेक जण मोजतच नाहीत. पहिला मोजताना गफलत होते ती वेगळीच, आणि तिचं मूळ चिपमध्ये आहे.

प्रोसेसरमध्ये पारा नाही की थर्मामीटर नाही. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला की त्याच्या दोन टोकांमधला विद्युतदाब तापमान एक अंश वाढताना सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. मात्र प्रत्येक डायोडचा मूळ दाब थोडा वेगळा असतो. त्यावर जुनी, पक्की युक्ती अशी: एकाच डायोडमधून आळीपाळीने दोन प्रवाह सोडायचे, समजा एक दुसऱ्याच्या दहापट, आणि दोन्ही वेळच्या दाबांतला फरक घ्यायचा. मूळ दाब वजाबाकीत उडून जातो आणि उरलेला फरक निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो. २७ अंशांना तो साधारण ५९.५ मिलिव्होल्ट, आणि दर अंशाला वाढ ०.२ मिलिव्होल्ट. एवढ्याशा फरकाचा आकडा करायचा, तोही शेजारी कोट्यवधी ट्रान्झिस्टरांची उघडझाप चालू असताना. थोडी चूक राहणारच.

ती चूक कुठे राहू द्यायची हे कंपनी ठरवते. इंटेलच्या प्रोसेसरात प्रत्येक कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाचा) सेन्सर तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. या मर्यादेला टीजेमॅक्स म्हणतात, आणि अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत ती १०० अंश असते. सेन्सर '२३' म्हणाला की सॉफ्टवेअर १०० मधून २३ वजा करून ७७ दाखवतं. इंटेलच्या जुन्या 'कोअर २' प्रोसेसरांच्या जमान्यात ही मर्यादा चिपमधून वाचता येत नसे आणि प्रोग्राम ती अंदाजाने धरत. एकाच मशीनवर दोन प्रोग्रामांत दहा-पंधरा अंशांचा फरक दिसायचा तो यामुळेच. आता मर्यादा चिपमधूनच वाचली जाते.

सेन्सरचं मुख्य काम मर्यादेजवळ ब्रेक लावण्याचं, म्हणून त्याची अचूकता वरच्या टोकाला राखलेली असते. खाली येईल तसा तो सैल होतो. मशीन निवांत असताना एक कोअर ३४ आणि शेजारचा ४० दाखवत असेल तर त्यावरून निदान करू नका. खोली ३६ अंशांवर असताना कोअर ३१ दाखवतोय असंही दिसतं. पंख्याच्या हवेने थंड होणारी वस्तू त्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, तेव्हा चूक सेन्सरची आहे हे उघड आहे. निवांत अवस्थेतल्या आकड्यांवरून जी चर्चा रंगते, ती बरीचशी अशा हवेतल्या आकड्यांवर असते.

एएमडीची गोष्ट निराळी. तिच्या रायझन प्रोसेसरांत 'टीकंट्रोल' नावाचा आकडा पंख्याचा वेग ठरवण्यासाठी असतो, आणि 'टीडाय' हे चिपचं तापमान. २०१७ च्या रायझन ७ १८००एक्स आणि १७००एक्समध्ये टीकंट्रोल मुद्दाम २० अंश जास्त ठेवला होता, २७००एक्समध्ये १० अंश. यातला प्रोसेसर सेकंडहँड घेतला असेल आणि तो रिकामा बसून ६० दाखवत असेल, तर आधी टीडायची ओळ शोधा, प्रोसेसरवर लावायची उष्णतावाहक पेस्ट नंतर आणा.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसणारा आकडाही तुलनेला उपयोगी नाही. तिथे वीज वाचवण्याच्या सोयी पूर्ण चालू नसतात, त्यामुळे निवांत विंडोजपेक्षा बायोसच अनेकदा गरम दिसतं. एचडब्ल्यूइन्फो घ्या, ते मोफत आहे आणि सर्वांत सविस्तर. फक्त आकडा हवा असेल तर कोअर टेम्प पुरे. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स टाकून एकदा 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा, मग 'सेन्सर्स'. विंडोजवरचे हे प्रोग्राम चिपची रजिस्टरं (आतले नोंदींचे कप्पे) वाचतात आणि त्यासाठी विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर बसवतात. म्हणून ते अॅडमिनची परवानगी मागतात, आणि म्हणूनच ते मूळ साइटवरूनच उतरवावेत. २०२५ मध्ये विंडोज डिफेंडर 'विनरिंग०' हा जुना ड्रायव्हर वापरणाऱ्या प्रोग्रामांना अडवू लागला, कारण त्यात खरीच सुरक्षेची भेग होती. असा इशारा आला तर डिफेंडर बंद करू नका, प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्या. आणि असे दोन प्रोग्राम एकाच वेळी चालवू नका. मदरबोर्डवरच्या एकाच चिपला दोघे एकदम विचारायला गेले की मधूनच भलते आकडे येतात.

यादी उघडली की तीस-चाळीस आकडे अंगावर येतात. इंटेलसाठी 'सीपीयू पॅकेज' आणि 'कोअर मॅक्स', एएमडीसाठी 'टीकंट्रोल/टीडाय' एवढ्या ओळी पाहा. सोबत 'सीपीयू पॅकेज पॉवर' (प्रोसेसर किती वॅट खातो ते), पंख्याचे फेरे आणि 'थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग कमी करणं) हो की नाही ते. मदरबोर्डच्या गटातलं नुसतं 'सीपीयू' हे अनेकदा सॉकेटजवळच्या सेन्सरचं असतं, ते सावकाश हलतं. 'ऑक्सटिन' नावापुढे १२७ अंश दिसले तर दचकू नका. त्या पिनेला बोर्डवर काही जोडलेलंच नाही. 'एसीपीआय झोन' नावाच्या ओळीतले २७.८ अंश सकाळ-संध्याकाळ तसेच राहत असतील, तर तोही बोर्डाने भरून ठेवलेला आकडा आहे.

आता खोलीचं तापमान. वर्तमानपत्रात छापून येतं ते वेधशाळेच्या सावलीतल्या, हवेशीर पेटीतलं असतं, तुमच्या खोलीतलं नाही. मत्स्यटाकीसाठी मिळतो तसा वायरला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून सेन्सर त्यात पाच मिनिटं बुडवा. शून्याऐवजी जे दिसेल तेवढी चूक पुढे वजा करा. उकळत्या पाण्यात तपासायच्या फंदात पडू नका. असे सेन्सर तेवढी उष्णता सोसतीलच असं नाही, आणि सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर असल्याने इथे पाणी उकळतं ते ९८.५ अंशांच्या आसपास. सेन्सर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपासून पाचेक सेंटिमीटरवर टांगा, जिथून हवा आत जाते तिथे. मागे नको, तिथे गरम हवा बाहेर पडते.

खोलीतला पाण्याचा कूलर चालू ठेवायचा की बंद, ते एकदा ठरवा आणि दर वेळी तसंच करा. कोरड्या उन्हाळ्यात तो खोली बरीच उतरवतो, त्यामुळे मधेच चालू केला तर मोजमाप वाया गेलं. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर कधीच नको. बोअरच्या पाण्याचे तुषार वाळले की क्षार बोर्डवर राहतात.

मशीन सुरू करून पंधरा-वीस मिनिटं तसंच सोडा. एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सरच्या खिडकीत उघडा, घड्याळाचं बटण दाबून जुने कमाल-किमान पुसा, आकडे फाइलमध्ये नोंदवणं चालू करा. मग सिनेबेंच आर२३ या चाचणीच्या प्रोग्रामची बहुकोअर (सगळे कोअर जुंपणारी) चाचणी १० मिनिटं चालवा. प्राइम९५ या दुसऱ्या प्रोग्रामची 'लहान एफएफटी' चाचणी प्रोसेसरला रोजच्या कामात कधीच लागणार नाही एवढी तापवते, पहिल्या मापाला ती नको. 'कमाल' रकान्यावर विसंबू नका. एखादा कोअर क्षणभर उसळला की तापमान सेकंदाच्या अंशात दहा-पंधरा अंश वर जाऊन परत येतं, आणि कमाल म्हणून तोच क्षण नोंदला जातो. शेवटच्या तीन मिनिटांची सरासरी घ्या. नोंदी दोन सेकंदांनी होतात तेवढ्या पुरे. त्याहून वारंवार विचारलं तर झोपलेले कोअर विचारण्यानेच जागे होतात.

समजा पॅकेज पॉवर ६५ वॅटवर स्थिर, पॅकेजचं तापमान ६९ आणि खोली २४. फरक ४५. त्याला ६५ ने भागलं की दर वॅटला ०.६९ अंश. हा तुमच्या हीटसिंक (प्रोसेसरवरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि पंख्याचा खरा आकडा, आणि पंख्याचे फेरे तेच असतील तर तो ऋतूबरोबर फारसा बदलत नाही. मेमध्ये ४१ अंशांच्या खोलीत तेच मशीन ८६ च्या जवळपास जाईल, हे जानेवारीतच कागदावर कळतं. मेमध्ये ९६ दिसले तर वरचे दहा अंश उन्हाळ्याचे नाहीत.

ही वजाबाकी एका ठिकाणी फसते. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर जास्त भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच थांबायचं, अशा रचनेचे आहेत. थंडी असो की उन्हाळा, आकडा ९५ च. तिथे तापमान पाहून काही कळत नाही. त्या ९५ अंशांवर किती वॅट आणि किती मेगाहर्ट्झ मिळतात ते पाहा. फरक वॅटने भागण्याचा हिशेब मात्र इथेही चालतो.

बिघाड कुठे आहे ते वाढीच्या चालीवरून कळतं. चाचणी सुरू होताच एक-दोन सेकंदांत ९५-१०० गाठलं, तर हीटसिंक चिपला नीट टेकलेला नाही. इंटेलच्या डब्यातल्या पंख्याच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एक अर्धवट बसणं हे सर्वांत नेहमीचं कारण. पिना तिरक्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा 'टक' आवाज यायला हवा, आणि बोर्ड उलटून चारही काळ्या टोकांनी पांढऱ्या पायांना फाकवलंय का ते पाहायचं. पेस्ट लावताना मधोमध मटारच्या दाण्याएवढी पुरते. तिचं काम दोन धातूंमधल्या खाचांतली हवा हटवणं एवढंच. ती हवेपेक्षा शंभरपटीने चांगली वाहक असली तरी तांब्याच्या जवळपासही नाही, म्हणून जाड थर नुकसानच करतो.

तापमान दहा-पंधरा मिनिटं सावकाश चढत राहिलं तर दोष हवेच्या वाटेत. बाजूचं झाकण काढून चाचणी पुन्हा करा. पाच अंशांहून जास्त उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडतेय. यंत्रमाग किंवा टॉवेलची शिलाई जिथे घरातच किंवा शेजारी चालते, त्या भागात कोंडण्याचं कारण बहुधा धूळ नसून सूत असतं. बारीक तंतू पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमधल्या फटीत अडकून नमद्यासारखा थर धरतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि फेरेही पूर्ण दाखवतो, पण हवा आत जात नाही. ब्लोअरने हा थर हलत नाही. पंखा सोडवून तो चिमट्याने चटईसारखा उचलावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा नको, टाकीत साचलेलं पाणी तिच्यातून उडतं.

इन्फ्रारेड बंदूक हीटसिंकवर रोखून तापमान पाहण्याचा मोह अनेकांना होतो. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी किरणांनी टाकतं आणि खोलीचीच किरणं परत फेकतं, त्यामुळे बंदूक ६० च्या जागी ४० सांगू शकते. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखली तर आकडा बरा येतो, पण तोही हीटसिंकचा असतो, कोअरचा नाही.

मोजून झालं की कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: तारीख, खोली, पॅकेज, वॅट, पंख्याचे फेरे, दर वॅटला अंश. पुढच्या मेमध्ये तीच चाचणी, तेवढीच १० मिनिटं. ०.६९ चे ०.७२ झाले तर ती मोजण्यातली चूक असू शकते. ०.८५ झाले तर पेचकस हातात घ्या.