आयफोन संगणकावरून रिस्टोअर होत नाही? एरर नंबर आधी वाचा

रिस्टोअर अर्ध्यावर थांबून पडद्यावर ४०१३ किंवा ३१९४ असा नंबर आला, की फोन कायमचा गेला असं वाटतं. पण या कामात फोनसोबत केबल, यूएसबी पोर्ट, संगणक, इंटरनेट आणि ॲपलचा सर्व्हर हे सगळे शेवटपर्यंत टिकावे लागतात. यातलं नेमकं काय तुटलं, याची दिशा तो नंबर दाखवतो. म्हणून संगणकावरची एररची खिडकी बंद करण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

आधी 'अपडेट', मग गरज पडली तरच 'रिस्टोअर'

रिकव्हरी मोड म्हणजे आयओएस संगणकावरून नव्याने बसवता यावं यासाठीची फोनची खास अवस्था. त्या मोडमधला फोन जोडला की संगणक (मॅकवर फाइंडर, विंडोजवर आयट्यून्स) दोन पर्याय देतो. 'अपडेट' केल्यावर आयओएस नव्याने बसतं आणि फोटो, मेसेज जागेवर राहतात. 'रिस्टोअर' फोन पूर्ण पुसतं. बॅकअप नसेल तर पुसलेलं परत मिळत नाही, आमच्या दुरुस्ती केंद्रात आणलं तरी नाही. त्यामुळे पहिल्यांदा नेहमी 'अपडेट'च दाबा.

रिकव्हरी मोडसाठी आयफोन ८ आणि त्यापुढच्या मॉडेलवर आवाज वाढवायचं बटण दाबून लगेच सोडा, आवाज कमी करायचं बटण दाबून लगेच सोडा, मग बाजूचं बटण धरून ठेवा. ॲपलचा लोगो दिसल्यावर बरेच जण बटण सोडतात आणि फोन नेहमीसारखा सुरू व्हायला जातो. केबल आणि संगणकाचं चित्र येईपर्यंत धरून ठेवायचं. आयफोन ७ वर बाजूचं आणि आवाज कमी करायचं, ६एस व त्याआधीच्या फोनवर होम आणि पॉवर अशी दोन बटणं एकत्र धरा.

फर्मवेअरची, म्हणजे आयओएसची फाइल काही जीबींची असते. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन रिकव्हरी मोडमधून आपोआप बाहेर पडतो. हा बिघाड नाही. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांची कृती पुन्हा करा. संगणकावर २०-२५ जीबी जागा मोकळी असलेली बरी, कारण ती फाइल तिथेच उलगडली जाते.

९, ४००५, ४०१३, ४०१४: मध्येच संपर्क तुटला

सर्वांत जास्त त्रास याच नंबरांचा. रिस्टोअर चालू असताना फोन स्वतःहून रीस्टार्ट होतो, संगणकापासून सुटतो आणि वेगळ्या मोडमध्ये पुन्हा जोडला जातो. हा पुन्हा जोडला जाण्याचा क्षण नाजूक असतो. फोटो कॉपी करताना कुरकुर न करणारी केबल इथे दगा देऊ शकते. यूएसबी हब, कीबोर्डवरचं पोर्ट आणि व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) यांवरही काम इथेच फसतं.

ॲपलची मूळ किंवा प्रमाणित केबल घ्या. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद करा. फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा: तळाशी दबलेल्या कापसामुळे केबल पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलकेच काढा, सुई किंवा पिन घालू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही.

दुसरी केबल आणि दुसरा संगणक वापरूनही तोच नंबर आला तर दोष फोनच्या आत धरायचा. आम्ही फोन उघडून चार्जिंग पोर्टची पट्टी, पुढच्या सेन्सरची पट्टी, बॅटरी असे भाग एकेक करून बाजूला करतो आणि रिस्टोअर कुठे पुढे सरकतं ते पाहतो. तरीही अडलं तर काम मदरबोर्डवर जातं.

३१९४, ३०१४, ३००४: सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही

प्रत्येक रिस्टोअरला ॲपलच्या सर्व्हरची सही, म्हणजे डिजिटल मंजुरी लागते. नवी आवृत्ती आली की काही काळाने जुन्या आवृत्तीवर सही मिळणं बंद होतं. त्यामुळे उतरवून ठेवलेली जुनी फाइल चालत नाही. ताजी फाइल असूनही अडत असेल तर संगणकाची तारीख-वेळ तपासा, व्हीपीएन बंद करा, अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवा. ऑफिसच्या नेटवर्कऐवजी साधं नेट वापरून बघा. ३१९४ साठी संगणकातली 'होस्ट्स' फाइलही (कोणत्या सर्व्हरचा पत्ता कोणता, हे ठरवणारी) पाहा: तिच्यात ॲपलच्या सर्व्हरचं नाव असलेली ओळ उरली असेल तर ती काढून संगणक रीस्टार्ट करा. ९००६ मध्येही संशय आधी अँटिव्हायरसवर घ्यावा.

विंडोजवर फोन दिसतच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲपलच्या यूएसबी ड्रायव्हरवर पिवळं चिन्ह आहे का ते बघा. असल्यास ड्रायव्हर नव्याने बसवा. मॅकवर कॅटॅलिना आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये आयट्यून्स नाही, हे सगळं फाइंडरमधून होतं.

१४, १, उणे १

१४ म्हणजे केबल खराब किंवा फाइल अर्धवट. फाइल पुन्हा उतरवा. फोनची जागा काठोकाठ भरली असेल तर 'अपडेट' करतानाही हा नंबर येतो. डेटा महत्त्वाचा असेल तर इथेच थांबा, 'रिस्टोअर' दाबू नका.

१ किंवा उणे १ वारंवार येत असेल तर संशय नेटवर्कच्या चिपवर, म्हणजे बेसबँडवर. फोन सुरू होत असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे 'मोडेम फर्मवेअर'ची ओळ पाहा. ती कोरी असेल तर रिस्टोअरच्या फंदात पडू नका. चालू असलेला फोन त्यामुळे अडकून बसेल. आधी बॅकअप घ्या.

रिस्टोअर झालं, पण बॅकअप येत नाही

नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर चढत नाही; आधी फोन अपडेट करा. एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड वेगळा असतो, तो विसरला तर तो बॅकअप उघडत नाही. रिस्टोअरनंतर ॲक्टिव्हेशन लॉकसाठी (फोन मालकाशिवाय कोणी सुरू करू नये म्हणून असलेलं कुलूप) फोनशी जोडलेलं ॲपल अकाउंट (पूर्वीचा ॲपल आयडी) आणि त्याचा पासवर्ड लागतो. रिस्टोअरने हा लॉक निघत नाही आणि आम्हीही तो काढत नाही.

फोन आमच्याकडे आणताना एरर नंबरचा फोटो, रिस्टोअरची प्रगती दाखवणारी पट्टी साधारण कुठे थांबली ती जागा, वापरलेली केबल, आणि फोन पूर्वी पडला, भिजला किंवा उघडला होता का ही माहिती सोबत द्या. डेटा हवा आहे की नाही, हे पावतीवर लिहून घ्या.