सदऱ्यावरचा कर प्रोग्रॅममध्ये का लिहू नये?

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील वस्तू व सेवा कराचा नियम बदलला. त्याआधी नगामागे १००० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता ५ टक्क्यांची मर्यादा २५०० रुपयांवर गेली असून त्यापुढे १८ टक्के कर लागतो. कागदावर हा बदल दोन ओळींचा आहे. मात्र १००० हा आकडा बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट लिहिलेला असेल, तर तो विक्री, परतावा, सवलत, अहवाल अशा अनेक जागी शोधावा लागतो, आणि सापडलेला प्रत्येक १००० कराचाच असेल असेही नाही. एखादा मोफत घरपोच सेवेच्या मर्यादेचाही निघतो.

म्हणून असे नियम प्रोग्रॅमबाहेर, तक्त्याच्या रूपात ठेवतात. एकेका ओळीत अटी आणि त्यांचा निष्कर्ष असतो: वस्तू कपडा, किंमत २५०० पर्यंत, तर दर ५ टक्के. प्रोग्रॅम फक्त माहिती पुरवतो आणि नियम-इंजिनाकडून, म्हणजे तक्ता वाचून लागू होणारा नियम शोधणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, दर घेतो. हा तक्ता करसल्लागारालाही वाचता येतो, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा लाभ तोच आहे. बदल लवकर होतो, हा त्यानंतरचा.

तक्त्यात नियम कधीपासून कधीपर्यंत लागू आहे, हा रकानाही हवाच. २० सप्टेंबरला १५०० रुपयांना विकलेला सदरा गिऱ्हाइकाने ऑक्टोबरमध्ये परत केला, तर क्रेडिट नोटवर, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणाऱ्या कागदावर, कर १२ टक्केच यायला हवा. त्यामुळे जुनी ओळ पुसायची नसते, तिला शेवटची तारीख घालायची असते.

नियम शेकड्यांनी वाढले की प्रत्येक वेळी सगळे तपासणे परवडत नाही. यावर कार्नेगी मेलन विद्यापीठातील चार्ल्स फोर्जी यांनी १९७० च्या दशकात ‘रीटे’ ही रीत मांडली. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ जाळे असा होतो. अनेक नियमांत येणारी अट एकदाच तपासायची, अर्धवट जुळलेले निकाल जपून ठेवायचे आणि माहितीचा जेवढा भाग बदलला तेवढ्याचाच पुन्हा विचार करायचा, अशी ही युक्ती आहे. ‘ड्रूल्स’ हे मुक्तस्रोत इंजिन याच कुळातले.

तक्त्यातही चुका होतात. ‘२५०० पेक्षा कमी’ आणि ‘२५०० पेक्षा जास्त’ अशा दोनच ओळी लिहिल्या, तर नेमक्या २५०० रुपयांच्या सदऱ्याला दरच मिळत नाही. अशी फट तक्ता तपासणारे साधन दाखवून देऊ शकते. पण १८ ऐवजी ८ लिहिले गेले, तर इंजिन निमूटपणे ८ टक्केच लावते.