पलटणीतले पूर्वज: जुन्या पायदळी नोंदींतून शोध कसा घ्यावा
(इंदूर-महू परिसरातील मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक)

"आमचे पणजोबा महूच्या पलटणीत होते," एवढीच माहिती बहुतेक घरांत उरलेली असते. सुरुवातीला ती चालते, पण महू हे पलटणीचे नाव नाही. ती १८१८ नंतर उभी राहिलेली छावणी. पलटणी इथे यायच्या, काही वर्षे राहायच्या आणि पुढच्या ठाण्याला निघायच्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला, कारण वडील सुभेदार रामजी सकपाळ तेव्हा तिथे नोकरीवर होते. घराण्याचे मूळ गाव मात्र कोकणातले आंबडवे. अशा माणसाचा माग इंदुरात लागत नाही, मुंबई लष्कराच्या (इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या फौजेच्या) कागदांत लागतो. म्हणून असे शोध घेऊन देताना आमच्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी फौज कोणाची, मग पलटण कोणती, मग सैनिक क्रमांक. नाव सगळ्यात शेवटी.

फौज कोणाची?

इंदूरच्या मराठी घरातला पूर्वज होळकरांच्या नोकरीत असेल किंवा इंग्रजांच्या. होळकरांकडे असेल, तर महिदपूरची लढाई (२१ डिसेंबर १८१७) आणि त्यानंतरचा मंदसोरचा तह (६ जानेवारी १८१८) यांच्या आधीचा की नंतरचा, हे ठरवावे लागते. त्याआधीच्या कागदांत सरदार आणि पथके भेटतात, घोडा बाळगणारा शिलेदारही भेटतो. साध्या पायदळ शिपायाचे नाव क्वचितच मिळते, हे आम्ही कामाला हात घालण्याआधीच सांगतो. नंतरच्या संस्थानी फौजेच्या बाबतीत एक चूक फार होते. घर मराठी, म्हणून अर्ज थेट बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे जातो आणि "नोंद नाही" असे उत्तर येते. होळकरांचे पायदळ, संस्थाने भारतात विलीन झाल्यानंतर, कुमाऊँ रेजिमेंटची १५वी पलटण झाले आणि ग्वाल्हेरचे १४वी. कुमाऊँचे केंद्र राणीखेतला आहे. विलीनीकरणाच्या वेळी नोकरीत असलेल्या माणसाची चौकशी तिथे करायची.

आकडे बदलले, पलटण तीच

इंग्रजी फौजेत सगळ्यात जास्त घोळ पलटणीच्या क्रमांकांचा होतो. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवले गेले: ३ची १०३ झाली, ५ची १०५, १०ची ११०, १७ची ११७. मग १९२२ मध्ये त्यांतल्या सहा पलटणी एका रेजिमेंटमध्ये गोवल्या गेल्या आणि पुन्हा क्रमांक बदलले. १०३ ही ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ला १०वी हा क्रमांक मिळाला. म्हणून कागदावर "३" दिसला की आधी साल पाहायचे. १८९५चा ३ आणि १९२५चा ३ या दोन वेगळ्या पलटणी आहेत. घरात "काळी पाचवी" हे नाव चालत आले असेल तर काम सोपे होते, कारण ती ५, १०५ आणि नंतरची दुसरी, एकच पलटण. "जंगी पलटण" म्हणजे ३, १०३ आणि पहिली. ११०चे वंशज मराठा रेजिमेंटमध्येच अडकून पडतात. ती तिसरी पलटण पुढे छत्रीधारी (पॅराशूट) झाली आणि आज ती दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते.

महार कुटुंबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मुंबई लष्करातली महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला स्थापन झाली, तिचे केंद्र आता सागरला आहे. आजोबा १९०५च्या सुमारास भरती झाल्याचे घरात सांगत असतील, तर साल चुकले आहे की पलटण, हे आधी तपासू. लढणाऱ्या पलटणीऐवजी ते लष्कराच्या दुसऱ्या एखाद्या खात्यात असण्याचीही शक्यता असते.

पदक घासू नका

पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५च्या ताऱ्यावर तीच माहिती मागच्या बाजूला असते. एवढ्याशा जागेत शोधाचा निम्मा ऐवज असतो. दसऱ्याला ब्रासोने चकचकीत केलेल्या पदकांवर नेमकी ही अक्षरे झिजलेली आढळतात. कोरड्या सुती कापडाने फक्त धूळ टिपा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कडेला आडवी धरा आणि पदक थोडे थोडे फिरवत कडेचे सहा-सात फोटो काढा. तिरप्या उजेडात पुसट अक्षरही उठून दिसते. क्रमांकासोबत पलटण हवीच, कारण त्या काळी प्रत्येक पलटण आपल्या शिपायांना स्वतंत्र क्रमांक देत असे आणि तोच आकडा दुसऱ्या पलटणीतही सापडतो.

नाव आणि गाव

इंग्रज कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले. शिंदेचे सिंदे होते, सावंतचे सावुंत, आणि पुष्कळदा आडनावच नसते, फक्त नाव आणि बापाचे नाव असते. संगणकावर शोधताना "मराठा" शब्दाचे जुने हिज्जे वापरा: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजच्या हिज्ज्यांनी निम्मे कागद पुढे येतच नाहीत. जिल्हाही जुनाच धरा. तासगावचा माणूस सातारा जिल्ह्यात सापडेल आणि मालवणचा रत्नागिरीत, कारण सांगली जिल्हा १९४९ चा आणि सिंधुदुर्ग १९८१ चा. गावात "या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले" अशी इंग्रज काळातली शिळा असेल तर तिचा फोटो आणा. तिच्यावर सहसा नावे नसतात, पण तो आकडा ताडून पाहायला उपयोगी पडतो.

कुठे काय मिळते

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी घरबसल्या, फुकट पाहता येते. तिच्यात फक्त मृत सैनिक आहेत: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. पेन्शन घेऊन घरी आलेला माणूस तिथे मिळणार नाही. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी कूटच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली आणि पुढे कैदेतही पुष्कळ लोक दगावले. त्यामुळे वेढ्याच्या तारखांतच मृत्यू शोधू नका, पुढची दोन वर्षेही पाहा.

पलटणीची युद्धदैनंदिनी लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असते. पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते तिच्यातून कळते, शिपायाचे नाव क्वचितच. जमादार आणि सुभेदारांची नावे मात्र आर्मी लिस्टमध्ये (अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) मिळतात.

अलीकडच्या काळातल्या जवानासाठी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो. पेन्शन न मिळालेल्याचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट होतात. म्हणून अर्जात "लाँग रोलमधील नोंद" असे स्पष्ट मागा, ती वही जपून ठेवलेली असते. अर्जासोबत नाते दाखवणारे कागद लागतात.

होळकरकालीन कागद मोडीत असतात आणि त्यांवर साल अरबी शब्दांत लिहिलेले असते. "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे २ + ७० + १०० + १०००, सुहूर सन ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. इथे चूक झाली की माणूस एक वर्ष आधीच मोहिमेवर निघालेला दिसतो.

येताना काय आणावे

पदके, पेन्शनची पुस्तिका किंवा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक, डिस्चार्ज सर्टिफिकेट, जंगी इनामाचा (लष्करी सेवेबद्दल मिळालेल्या इनामाचा) एखादा कागद, गणवेशातला फोटो आणि हाताने लिहिलेली वंशावळ. फोटो फ्रेममधून काढू नका, काचेसकट आणा. जुना कागद काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की चेहराच निघून येतो. कागद लॅमिनेट करू नका. मूळ वस्तू आम्ही ठेवून घेत नाही, तुमच्यासमोर फोटो काढून लगेच परत देतो. मोडी कागद असेल तर आधी पहिले पान वाचून दाखवतो. त्यात तुमच्या कामाचे काही नसेल तर पुढची पाने वाचून घेऊ नका असेच सांगतो.